‘आशियाई ज्युदो’साठी पोरीची निवड झाली म्हणून पैसे मागतायत? आधी ही स्पर्धा काय असते ते समजून घ्या

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. सोयाबीनची कोळपणी चालू होती. शेजारच्या वस्तीवरचा एक जण बांधावर येऊन उभा राहिला आणि मोबाईल पुढं करून म्हणाला, “आण्णा, हे जरा वाचा की. पोरीची आशियाई स्पर्धेत निवड झालीय म्हणत्यात.”

व्हॉट्सअ‍ॅपवर पत्र होतं. वर इंग्रजीत मोठं नाव, शेजारी कसला तरी गोल शिक्का. मजकूर असा, की तुमच्या मुलीची आशियाई ज्युदो चॅम्पियनशिपसाठी ‘थेट निवड’ झाली आहे. प्रवेश फी, किट आणि प्रवास मिळून साडेअठरा हजार रुपये चार दिवसांत भरा. खाली एका माणसाचा मोबाईल नंबर, त्याच नंबरवर पैसे पाठवायचे. पोरगी आठवीला, वय तेरा. शाळेत सहा महिने ज्युदो शिकली होती आणि तालुक्याला एक स्पर्धा खेळली होती. एवढ्यावर एकदम आशिया!

त्याच्या चेहऱ्यावर आनंद पण होता आणि काळजी पण. शेळ्या विकायच्या का, हेच तो विचारायला आला होता. मी त्याला म्हणालो, दोन दिवस थांब. मग मी तालुक्याला ज्युदो शिकवणाऱ्या एका सरांना गाठलं, रात्री मोबाईलवर वाचलं, लढतीचे व्हिडिओ बघितले. तरुणपणी मी स्वतः तालमीत होतो, त्यामुळं विषय पटकन डोक्यात शिरला. जे समजलं ते इथं मांडतो. अशी पत्रं एकाच घरी येत नसतात.

खंडाची स्पर्धा म्हणजे काय?

ज्युदोची जगातली शिखर संस्था म्हणजे आंतरराष्ट्रीय ज्युदो महासंघ. तिच्या खाली प्रत्येक खंडाची संघटना असते. युरोपची वेगळी, आफ्रिकेची वेगळी, आपल्या आशियाची वेगळी. या संघटना आपापल्या खंडाची अजिंक्यपद स्पर्धा घेतात. आशियाई ज्युदो अजिंक्यपद स्पर्धा ती हीच.

लोकांचा एक घोळ नेहमी होतो. ‘आशियाई खेळ’ म्हणजे एशियाड वेगळं. ते चार वर्षांनी येतं आणि त्यात कबड्डीपासून नेमबाजीपर्यंत सगळं असतं. आशियाई ज्युदो अजिंक्यपद मात्र फक्त ज्युदोचं.

पुरुषांची पहिली आशियाई स्पर्धा १९६६ साली फिलिपिन्सच्या मनिला शहरात झाली. महिलांची पहिली स्पर्धा व्हायला १९८१ उजाडलं, ती इंडोनेशियात जकार्ताला झाली. मधे पंधरा वर्षं गेली. आता पुरुष आणि महिला एकाच ठिकाणी, त्याच दिवसांत खेळतात. १९९५ साली ही स्पर्धा आपल्या नवी दिल्लीत झाली होती. अलीकडं २०१९ ला संयुक्त अरब अमिरातीतलं फुजैरा, २०२१ ला किर्गिझस्तानचं बिश्केक, २०२२ ला कझाकस्तानची राजधानी, २०२४ ला हाँगकाँग आणि २०२५ ला बँकॉक इथं झाली.

वजनाचे गट

पुरुषांचे सात गट: ६०, ६६, ७३, ८१, ९०, १०० किलोपर्यंत आणि १०० च्या वर.

महिलांचे सात गट: ४८, ५२, ५७, ६३, ७०, ७८ किलोपर्यंत आणि ७८ च्या वर.

वजन लढतीच्या आदल्या दिवशी होतं. काही पोरं पाणी तोडून वजन उतरवतात आणि काटा झाला की रात्री दाबून खातात. त्याला आळा घालायला दुसऱ्या दिवशी सकाळी काही खेळाडूंचं अचानक पुन्हा वजन करतात. गटाच्या मर्यादेपेक्षा पाच टक्क्यांहून जास्त भरलं तर खेळाडू बाद. म्हणजे साठ किलोवाला सकाळी त्रेसष्टच्या वर गेला की घरी. तालमीतल्या पोरांनी हे ध्यानात ठेवावं. पाणी तोडून वजन उतरवणं ही मर्दुमकी नाही, त्यानं किडनीला मार बसतो.

कुस्तीवाल्याला ज्युदो कसं समजेल?

ज्युदोची सुरुवात जपानची. जिगोरो कानो नावाच्या शिक्षकानं १८८२ साली टोकियोतल्या एका मंदिरात आपली तालीम काढली. तिचं नाव कोदोकान. जुन्या जुजुत्सुतले जीवघेणे डाव बाजूला काढून शिकण्यासारखा, शाळेत शिकवता येईल असा खेळ त्यांनी बांधला.

आपल्या कुस्तीत पैलवान उघड्या अंगानं लंगोट लावून उतरतो. ज्युदोत जाड कापडाचा अंगरखा, विजार आणि कमरेला पट्टा. त्याला ज्युदोगी म्हणतात. एक जण पांढरा घालतो, दुसरा निळा. मुली आत पांढरा टी-शर्ट घालतात. कॉलर आणि बाही धरूनच सगळा खेळ. त्यामुळं लढतीआधी ज्युदोगीचं माप तपासतात. बाही आखूड किंवा घट्ट असली तर समोरच्याला पकड मिळत नाही, म्हणून ती चालत नाही.

आपल्याकडं पाठ टेकली की चितपट. ज्युदोत त्याला ‘इप्पॉन’ म्हणतात, पण नुसती पाठ टेकून भागत नाही. जोरात, वेगात आणि शेवटपर्यंत ताबा ठेवून समोरच्याला पाठीवर टाकलं तरच इप्पॉन, आणि लढत तिथंच संपते. टाकण्यात थोडी कसर राहिली तर ‘वाझा-आरी’. दोन वाझा-आरी झाल्या की मिळून इप्पॉन. त्याहून हलक्या टाकीला ‘युको’. हा गुण मधली काही वर्षं काढून टाकला होता, २०२५ पासून परत आणला. युको कितीही झाले तरी त्यांची बेरीज होऊन वाझा-आरी होत नाही.

खाली गेल्यावरही लढत चालू राहते. समोरच्याला पाठीवर दाबून २० सेकंद धरलं तर इप्पॉन, १० सेकंदांच्या पुढं सुटला तर वाझा-आरी, ५ सेकंदांच्या पुढं सुटला तर युको. शिवाय मोठ्यांच्या लढतीत कोपराच्या सांध्याला पीळ देणं आणि कॉलरनं गळा आवळणं हे डाव चालतात. सहन होईना की हातानं दोनदा थोपटायचं, म्हणजे हार मान्य. त्यात कमीपणा नाही. न थोपटणारा हात मोडून घेतो.

लढत चार मिनिटांची, पुरुष आणि महिला दोघांना सारखीच. बरोबरीत सुटली तर ‘गोल्डन स्कोअर’. तिथं वेळेची मर्यादा नाही, जो पहिला गुण घेईल तो जिंकला. नुसतं टाळत राहणं, मॅटच्या बाहेर पळणं, चुकीची पकड धरणं याला ‘शिदो’ म्हणजे ताकीद. तीन ताकिदी झाल्या की हार.

आपल्या पोरांना सगळ्यात अवघड जाते ती एक गोष्ट. ज्युदोत पाय धरायला बंदी आहे. एकेरी पट, दुहेरी पट काहीच चालत नाही. कंबरेखाली हात घातला की ताकीद. २०१० पासून यावर बंधनं आली आणि २०१३ पासून पूर्ण बंदी झाली. पण पायानं पाय मारणं चालतं. त्यामुळं टांग मारणारा, धोबीपछाड टाकणारा पैलवान इथं लवकर रुळतो. ज्युदोतला ‘सेओई-नागे’ बघा, हुबेहूब धोबीपछाडच. समोरच्याच्या बाहीला धरून, त्याच्या पोटात पाठ घालून खांद्यावरून फेकायचं. ‘ओसोतो-गारी’ म्हणजे आपली बाहेरची टांग.

हरलेल्याला पुन्हा संधी

एका गटात समजा ३२ खेळाडू असले तर सुवर्णासाठी एकाच दिवसात पाच लढती जिंकाव्या लागतात. सकाळी सुरू झालेला गट संध्याकाळी संपतो. उपांत्यपूर्व फेरीत हरलेल्या चौघांना मात्र पुन्हा संधी मिळते, तिला रेपेचाज म्हणतात. त्यातून जिंकून आलेले दोघे उपांत्य फेरीत हरलेल्या दोघांशी कांस्यपदकासाठी लढतात. म्हणून प्रत्येक गटात कांस्यपदकं दोन.

शेवटी मिश्र सांघिक लढती असतात. एका संघात तीन पुरुष आणि तीन महिला, सहा लढती, ज्याच्या चार आधी होतील तो संघ जिंकला. तीन-तीन झाले तर चिठ्ठीसारखी निवड करून एका वजनाची लढत पुन्हा होते. टोकियो आणि पॅरिस या दोन्ही ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत फ्रान्सनं जपानला हरवलं ते याच प्रकारात. मुलीची लढत मुलाच्या लढतीइतकीच मोलाची. बापलोकांनी हा प्रकार एकदा बघावाच.

या स्पर्धेला एवढी किंमत का?

पदकापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे गुण. खंडाच्या स्पर्धेत सुवर्णाला जागतिक क्रमवारीचे ७०० गुण मिळतात, रौप्याला ४९०, कांस्याला ३५०. प्रत्येक वजनातले क्रमवारीतले वरचे १७ खेळाडू, एका देशाचा एक याप्रमाणे, थेट ऑलिंपिकला जातात. त्यानंतर खंडांना ठरावीक जागा वाटून दिलेल्या असतात. आपल्या मणिपूरची सुशीला देवी टोकियोला गेली आणि दिल्लीची तुलिका मान पॅरिसला गेली, त्या दोघी आशियाच्या वाट्याच्या जागेतून.

या गुणांपायी जीव किती टांगणीला लागतो ते २०२१ मध्ये दिसलं. बिश्केकची आशियाई स्पर्धा टोकियोच्या पात्रतेसाठी महत्त्वाची होती. भारताचा संघ तिथं पोहोचला आणि दोन खेळाडूंची कोविड चाचणी पॉझिटिव्ह आली. पूर्ण संघाला न खेळताच माघार घ्यावी लागली. वर्षानुवर्षांची मेहनत अशी एका अहवालावर थांबली. सुशीलाचे आधीचे गुण कामी आले, म्हणून तिला जागा मिळाली.

ही सुशीला २०१४ ला ग्लासगो आणि २०२२ ला बर्मिंगहॅम अशा दोन राष्ट्रकुल स्पर्धांची रौप्यविजेती. दुखापतीनंतर पैशाची अडचण आली तेव्हा तिनं आपली गाडी विकून स्पर्धांचा खर्च भागवल्याच्या बातम्या आल्या होत्या. तुलिकानंही २०२२ ला रौप्य आणलं, विजय कुमार यादवनं कांस्य. त्याच वर्षी मणिपूरचीच लिंथोई चनांबम ५७ किलोत जागतिक कॅडेट विजेती झाली. ज्युदोत जागतिक विजेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय. तिचा सराव आपल्या शेजारच्या कर्नाटकात, बल्लारी जिल्ह्यातल्या संस्थेत झाला. पॅरिस पॅरालिंपिकला मध्य प्रदेशच्या कपिल परमारनं ६० किलोत कांस्य घेतलं. नजर अधू असलेल्या खेळाडूंच्या ज्युदोतलं भारताचं ते पहिलं पदक.

मोठ्यांच्या आशियाई पातळीवर मात्र भारताला अजून खूप झगडावं लागतं. १९८६ च्या सोल एशियाडमध्ये ज्युदोत आपल्याला चार कांस्यपदकं मिळाली होती, तसं पुन्हा घडलेलं नाही. कारण समोर जपान, कोरिया, मंगोलिया, उझबेकिस्तान, कझाकस्तान असे तगडे देश. मंगोलियाचं उदाहरण आपल्याला जवळचं वाटावं असं आहे. गुरं-घोडी राखणारा देश, घरोघरी पारंपरिक कुस्ती. तिथल्या तुवशिनबायर नावाच्या मल्लानं २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये पहिल्याच फेरीत जपानच्या माजी ऑलिंपिक विजेत्याला हरवलं आणि पुढं १०० किलोचं सुवर्ण घेतलं. मंगोलियाचं ते पहिलं ऑलिंपिक सुवर्ण.

आपल्याकडची वाटही अशीच कुठून कुठं निघते. बेळगावकडची मलप्रभा जाधव आधी ज्युदो खेळायची. पुढं ती उझबेकिस्तानच्या मातीतल्या कुराश या खेळाकडं वळली आणि २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये ५२ किलोत तिनं कांस्य आणलं. पाया ज्युदोचाच होता.

मुलींना ही जागा फुकट मिळालेली नाही

“पोरीला कशाला कुस्ती-ज्युदो?” हे फक्त आपल्याच पारावर बोललं जातं असं नाही. कानोंच्या तालमीत मुली शिकायच्या, पण स्पर्धा खेळायच्या नाहीत असा दंडक होता. केइको फुकुदा नावाची बाई १९३५ पासून शिकत होती. बाई म्हणून तिला पाचव्या दानच्या पुढं कित्येक वर्षं बढती दिली नाही. शेवटी २०११ साली, वयाच्या ९८ व्या वर्षी, अमेरिकेतल्या ज्युदो संघटनेनं तिला सर्वोच्च दहावा दान दिला.

अमेरिकेतल्या रस्टी कानोकोगी यांनी १९५९ साली पुरुषांच्या स्पर्धेत केस कापून, छाती बांधून भाग घेतला आणि जिंकल्या. बाई आहे हे कळल्यावर पदक काढून घेतलं. त्याच बाईनं १९८० साली न्यूयॉर्कला महिलांची पहिली जागतिक ज्युदो स्पर्धा भरवली, त्यासाठी स्वतःचं घर गहाण टाकलं. पुरुषांचं ज्युदो ऑलिंपिकमध्ये १९६४ पासून, महिलांचं पदकासाठी १९९२ पासून. आज गट सारखे, वेळ सारखी, गुण सारखे. हे कुणीतरी भांडून मिळवलेलं आहे.

आता मुद्द्याचं: खोटं पत्र कसं ओळखाल?

१) आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत कुणालाही स्वतः नाव देता येत नाही. नाव देशाच्या मान्यताप्राप्त महासंघाकडूनच जातं. एका वजनात एका देशाचे फार तर दोन खेळाडू असतात. म्हणजे तुमची मुलगी देशातल्या पहिल्या दोघींत पाहिजे.

२) वाट ठरलेली असते. शाळा किंवा तालुका, मग जिल्हा, विभाग, राज्य, राष्ट्रीय, त्यानंतर देशाची निवड चाचणी. मधल्या पायऱ्या गाळून ‘थेट निवड’ होत नाही.

३) वय बघा. मोठ्यांच्या स्पर्धेला त्या वर्षात किमान १५ पूर्ण लागतात. कॅडेट गट १५ ते १७ वर्षांचा, ज्युनिअर २१ च्या आतला. आमच्या शेजाऱ्याची पोरगी तेराची. पत्र इथंच उघडं पडलं.

४) स्पर्धेची तारीख आणि गाव आंतरराष्ट्रीय महासंघाच्या वेबसाईटवरच्या वेळापत्रकात शोधा. खरी स्पर्धा असेल तर तिथं असतेच. गावातल्या एखाद्या कॉलेजच्या पोराला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे.

५) पैसे मागितले म्हणजे लगेच खोटं, असंही नाही. खऱ्या स्पर्धेलाही कधी कधी खेळाडूला स्वखर्चानं जावं लागतं. पण ते पैसे एखाद्याच्या खाजगी मोबाईल नंबरवर, चार दिवसांची घाई करून मागत नाहीत. पावती आणि संस्थेचं खातं मागा. समोरचा चिडला तर समजून जा.

६) पाच-सहा देशांची नावं लावून, एखाद्या मंगल कार्यालयात पन्नास पोरं जमवून ‘आशियाई’ स्पर्धा घेणारेही असतात. पदक मिळतं, फ्लेक्स लागतो, गावात मिरवणूक निघते. पण दहावी-बारावीचे सवलतीचे गुण असोत की सरकारी नोकरीतलं पाच टक्के खेळाडू आरक्षण, तिथं प्रमाणपत्राची पडताळणी होते. मान्यता नसलेल्या स्पर्धेचा कागद तिथं रद्दी ठरतो. उलट खोट्या प्रमाणपत्रावर नोकरी घेतली तर नोकरी जाते आणि गुन्हा दाखल होतो तो वेगळाच.

शंका आली तर जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जा आणि पत्र दाखवा. विचारायला पैसे पडत नाहीत.

मग पोरीला पाठवायचं की नाही?

पाठवा. ज्युदोत पहिले कितीतरी दिवस फक्त पडायला शिकवतात. मान आत घेऊन, हातानं गादीवर थाप मारत, डोकं न आपटता कसं पडायचं. त्याला उकेमी म्हणतात. मला तर वाटतं, मोटरसायकलवर फिरणाऱ्या प्रत्येकालाच हे यायला पाहिजे. लढतीआधी वाकून नमस्कार आणि लढत संपल्यावरही नमस्कार. हरलेली पोरगीही समोरचीला नमस्कार करूनच खाली उतरते.

फक्त शिकवणारा माणूस बघून घ्या. तो स्वतः कुठं खेळलाय, जिल्ह्याच्या संघटनेशी जोडलेला आहे का, गादी नीट आहे का, हे विचारा. फरशीवर सतरंजी टाकून शिकवत असेल तर पोर घरी आणा.

आमच्या शेजाऱ्यानं पैसे भरले नाहीत. त्या नंबरवरून आणखी तीन फोन आले. “मुलीचं भविष्य तुम्ही बरबाद करताय,” असं ऐकवलं, मग नंबर बंद झाला. शेळ्या गोठ्यातच राहिल्या. पोरगी पुढं शालेय जिल्हा स्पर्धेत खेळली. पहिली लढत टांगेवर जिंकली, दुसरीत दाबली गेली आणि वीस सेकंद सुटू शकली नाही. एसटीनं परत येताना रडत होती म्हणे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मोटर बंद करून येत होतो, तर ही ज्युदोगीची पिशवी घेऊन सायकलवर निघालेली. मी विचारलं, “काय गं, झालं का रडून?” तर म्हणाली, “काका, दाबल्यावर सुटायचं कसं ते सर आज दाखवणार हायेत.”

गावातल्या ग्रुपवर हे पाठवा. कुणाच्या तरी घरी असलं पत्र आजही आलेलं असेल.